कपाळावरची बॅटरी

म्हैसुरात दिव्यांना काही तोटा नाही. एकट्या राजवाड्यावरच जवळजवळ एक लाख दिवे आहेत. रविवारी आणि सणासुदीला संध्याकाळी ते सगळे एकदम लागतात, आणि घरी पाहुणे आलेले असले की त्यांना तिथं नेऊन आणणं हे आम्हा म्हैसूरकरांचं ठरलेलं काम. अशा या गावात आम्हाला एक दिवा पसंत करायला दोन महिने लागले, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. दिवा तरी कसला? डोक्याला पट्ट्यानं बांधायचा. दुकानात त्याला हेडलॅम्प म्हणतात. आमच्या घरात तो ‘कपाळावरची बॅटरी’ याच नावानं ओळखला जातो. आणि तो हवा होता जीवाश्म शोधायला.

जीवाश्म म्हणजे फार फार जुन्या काळातल्या प्राण्यांचे आणि झाडांचे दगडात टिकून राहिलेले अवशेष. शिंपले, हाडं, दात, लाकूड, कधी नुसताच पानाचा ठसा. ते बहुतेक करून सापडतात गाळाचे थर साचून बनलेल्या खडकात. आमचं म्हैसूर नेमकं त्याच्या उलट जातीच्या खडकावर वसलेलं. चामुंडी टेकडी ग्रॅनाइटची. पृथ्वीच्या पोटातला तापलेला रस निवून झालेला तो खडक, त्यात शिंपला राहणार कुठून? टेकडीच्या पायऱ्या चढताना अखंड दगडातून कोरलेला तो भला थोरला नंदी लागतो. म्हैसुरात दगडातला प्राणी बघायचा तर तो एवढा एकच!

अशा गावात राहून जीवाश्मांचा नाद लावून घेणारा माणूस माझ्या वाट्याला आला. आमचे हे भूगोलाचे प्राध्यापक होते. नोकरी सगळी म्हैसुरात झाली, पण मूळचे आम्ही दोघंही बेळगावकडचे. कॉलेजात असताना गोकाकचा धबधबा पाहायला गेलेल्या सहलीत यांना कुणीतरी सांगितलं, की या भागात एके काळी गेंडे हिंडत होते. रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या इंग्रज भूवैज्ञानिकाला गोकाकजवळ त्यांचे अवशेष मिळाले आणि १८७४ साली त्यानं त्याला ‘ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा गेंडा, असं नावही देऊन टाकलं. झालं! इतर मुलं धबधब्यासमोर फोटो काढत होती आणि हे नदीकाठची माती उकरत होते.

तेव्हापासून फूटसाहेब हे यांचं दैवत. याच माणसानं १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हत्यार ओळखलं आणि आपल्या देशात अश्मयुग होऊन गेलं हे दाखवून दिलं. पुढे तो बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानात काम करून आला, आणि १८९४ साली म्हैसूर संस्थानानं स्वतःचं भूगर्भ खातं काढलं तेव्हा त्याचा पहिला प्रमुख झाला. “आधी बेळगाव, मग म्हैसूर. अगदी माझ्यासारखंच,” असं हे प्रत्येक पाहुण्याला एकदा तरी ऐकवतात. फूटनं १८८४ साली कर्नूलकडच्या बिल्ला सुरगमच्या गुहांचा शोध हाती घेतला, तेव्हा आपल्या मुलालाही त्या खोदकामाला जुंपलं होतं. आमच्या घरातही तेच झालं. थोरला मुलगा हिशेबात रमला, पण धाकटी बापाच्या वळणावर गेली. ती मानसगंगोत्रीत भूविज्ञान घेऊन एम.एस्सी. करते.

दोन वर्षांपूर्वी यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत लोक पुष्कळदा गल्लत करतात, म्हणून सांगते. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून दुसरं बसवलं की पुन्हा दिसतं. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी मज्जा झिजत जाते, बहुतेक वेळा डोळ्यातला दाब तिला सोसत नाही म्हणून. ती एकदा गेली की परत येत नाही. थेंब घालून, शस्त्रक्रिया करून उरलेली नजर जपायची, एवढंच हातात असतं. दुखत नाही, खुपत नाही, आणि सुरुवातीला जाते ती कडेची नजर, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. हे दाराच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायला लागले तेव्हा मी म्हणत होते, “लक्ष कुठं असतं तुमचं?” लक्ष जागेवर होतं, नजर आक्रसली होती.

याचा सगळ्यात जास्त त्रास अंधारात होतो. दिवेलागणीला बाहेर पडलं की हे गुपचूप माझं कोपर धरायचे. फिकट रंगाच्या वस्तूवर फिकट रंगाची दुसरी वस्तू दिसेनाशी झाली. पांढऱ्या बशीतला दही-भात चाचपून खायला लागले. ज्या माणसाचा सगळा आनंद मातीच्या रंगाच्या मातीत मातीच्याच रंगाची वस्तू शोधण्यात, त्याच्या डोळ्यांवर नेमकी हीच पाळी यावी!

धाकटीनं एके दिवशी जेवताना सांगून टाकलं, “बाबा, या जानेवारीत आपण कराईला जायचं.” कराई हे तमिळनाडूतलं, पेरंबलूर जिल्ह्यातलं एक लहान गाव. तिरुचिरापल्ली आणि अरियलूरकडचा तो टापू सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी समुद्राखाली होता. त्या समुद्राच्या तळाची माती आज उघड्यावर पडली आहे आणि दर पावसाळ्यात पाणी तिला ओरबाडून खोल ओघळी पाडतं. माती वाहून जाते, आत दडलेले शिंपले वर येतात. त्यामुळे ईशान्येकडचा पाऊस संपून गेल्यावर, पोंगलच्या आसपास, पाहायला जाणं चांगलं. हे तिथं तरुणपणी एकदा गेले होते. पुन्हा जायचं जायचं म्हणत तीस वर्षं निघून गेली. धाकटीला ठाऊक होतं आणि मलाही, की आता ‘पुढच्या वर्षी’ म्हणण्यात अर्थ नाही.

मात्र कराईला झाड ना झुडूप. ऊन चढलं की टिकाव लागत नाही आणि डोक्यावरच्या उन्हात काही दिसतही नाही. सगळ्यात चांगली वेळ सूर्योदयाची आणि सूर्यास्ताची. म्हणजे जायचं अंधारात आणि यायचंही अंधारात, ओघळींतून, काचबिंदूच्या माणसाला घेऊन! सासूबाईंनी लगेच विचारलं, “दगड काय पळून जाणार आहेत, म्हणून रात्रीचं जायचंय?” त्यांचंही खरंच होतं. आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, सोबत असेल आणि उजेड चांगला असेल तर जाऊ द्या, मन मारून घरी बसवू नका. मग ‘चांगला उजेड’ म्हणजे काय, याचा शोध सुरू झाला.

शेजारचा मुलगा गिरिभ्रमणाला जातो. त्यानं उत्साहानं आपला हेडलॅम्प आणून दिला. “काकू, एक हजार ल्युमेन आहे!” ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. आपल्या जुन्या साठ वॉटच्या बल्बचा उजेड सातशे-आठशे ल्युमेनच्या घरात असायचा, तेव्हा एक हजार म्हणजे काय ते कळेल. गच्चीवर जाऊन लावला, तर समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचता आली. पण यांनी खाली पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. फरशीवर मधोमध एक पांढराफेक गोळा आणि भोवती काळाकुट्ट अंधार. ज्याची कडेची नजर गेली आहे त्याला असा दिवा म्हणजे नळीतून पाहण्यासारखं. काचबिंदूच्या डोळ्यांना लखलखाटही सोसत नाही. लांबवरचं दाखवणारा दिवा यांच्या कामाचा नव्हता. पायापासून सात-आठ फुटांपर्यंतची जमीन एकसारखी उजळणारा पसरट उजेड हवा होता.

दुसरी गोष्ट आम्हाला देवघरात कळली. आमच्याकडे सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेला एक शाळिग्राम आहे. नेपाळातल्या गंडकी नदीत मिळणारे चक्र असलेले शाळिग्राम म्हणजेही जीवाश्मच, बरं का! ‘अमोनाइट’ नावाचा गोगलगायीसारख्या वेटोळ्या शिंपल्यात राहणारा समुद्रातला प्राणी होता. गोगलगायीपेक्षा त्याचं नातं माकुळाशी जवळचं. त्याच्या शिंपल्याची वेटोळी म्हणजे आपण ज्याला चक्र म्हणतो ते. हिमालय आज जिथं उभा आहे तिथं पूर्वी समुद्र होता, त्याची ही खूण आपण पिढ्यान् पिढ्या पूजेत ठेवत आलो. धाकटीच्या मनात आलं, दिव्याची परीक्षा घ्यायची तर घरातल्याच जीवाश्मावर घ्यावी. सासूबाईंनी परवानगी दिली, पण “आधी हातपाय धुऊन ये आणि ताम्हनातून बाहेर काढायचा नाही” या अटीवर.

देवघरातला दिवा घालवला. धाकटीनं कपाळाला शेजारचा हेडलॅम्प बांधून समोरून उजेड टाकला. शाळिग्राम काळा, गुळगुळीत, सपाट दिसला. चक्र आहे हे आम्हाला ठाऊक होतं म्हणून आहे असं म्हणायचं, एवढंच. मग तिनं हेडलॅम्प डोक्यावरून काढला, अगदी मंद केला, आणि ताम्हनाच्या कडेशी ठेवून बाजूनं तिरपा उजेड सोडला. एकदम चक्र उठून आलं. प्रत्येक वळी वेगळी, प्रत्येक वळीच्या मागे बारीक सावली. हे खाली बसले, वाकले आणि म्हणाले, “दिसतंय.” पुष्कळ दिवसांनी मी तो शब्द ऐकत होते.

कारण अगदी साधं आहे. आपल्याला उंचसखलपणा कळतो तो सावलीमुळे. उजेड डोळ्यांच्या रेषेतून गेला तर सावली पडते ती वस्तूच्या पाठीमागे, आपल्या नजरेआड. मग सगळं सपाट. उजेड बाजूनं आला की कणाएवढी उंचीही लांब सावली टाकते. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट दिसतो आणि अर्ध्या चंद्रावरचे खड्डे मात्र ठळक दिसतात, ते याचसाठी. भारतीय पुरातत्त्व खात्याची शिलालेखांची शाखा म्हैसुरातच आहे. शिलालेख वाचणारे लोकही झिजलेल्या अक्षरांवर असाच बाजूनं उजेड टाकून पाहतात. म्हणजे कपाळावरचा दिवा चालायला उत्तम, दोन्ही हात मोकळे ठेवायला उत्तम, पण नेमकं जे शोधायला निघालो ते दाखवायला सगळ्यात वाईट जागी बसलेला! तेव्हा आमच्या यादीत पहिली ओळ लिहिली गेली: दिवा पट्ट्यावरून झटकन सुटा होऊन हातात घेता आला पाहिजे.

मग आम्ही देवराज अर्स रोडवरची दुकानं पालथी घातली. दुकानदार मला पाहून आधी स्वयंपाकघरातले दिवे दाखवायचे. “अम्मा, कुणासाठी?” “आमच्या यांच्यासाठी.” “काय काम करतात?” “दगड बघतात.” पुढचा प्रश्न सहसा यायचा नाही. त्या फिरतीत जे कळलं ते तुमच्याही उपयोगी पडेल, कारण असा दिवा हल्ली तीर्थयात्रेला, शेतावर, वीज गेल्यावर सगळीकडे लागतो.

पहिलं म्हणजे, ल्युमेनच्या आकड्याला भुलायचं नाही. दिव्यापासूनचं अंतर निम्मं केलं तर उजेड चौपट पडतो. जमीन आपल्या कपाळापासून पाच फुटांवर, आणि वाकलं की दोन-तीन फुटांवर. तिथं शंभर-दोनशे ल्युमेन पुष्कळ होतात. महत्त्वाचं हे, की उजेड अगदी मंद करता येतो की नाही.

दुसरं, उजेडाचा रंग. निळसर पांढऱ्या उजेडात सगळी माती राखाडी दिसते. किंचित पिवळसर उजेडात तांबूस, पिवळा, बदामी असे भेद कळतात. चांगल्या दिव्यांच्या खोक्यावर, खरे रंग किती नीट दिसतात याचा शंभरपैकी आकडा दिलेला असतो. तो नव्वदच्या वर असावा. हीच गोष्ट कापड घेतानाही लक्षात ठेवा!

तिसरं, दिवा किती तास चालतो हा आकडा. परदेशात मोजणीचा एक नियम ठरला आहे, त्याला एफएल-१ म्हणतात. त्या नियमात दिव्याचा उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ ‘चालला’ म्हणून धरतात. म्हणजे खोक्यावर चाळीस तास लिहिलं असलं तरी त्यातले कितीतरी तास दिवा नुसता मिणमिणत असू शकतो. निम्मेच तास धरून चालावं हा आमचा घरगुती हिशेब.

चौथं, सेल. आतल्या बॅटरीला तार लावून भरायचे दिवे सोयीचे खरे, पण ऐन वेळी संपले तर ओघळीत तार कुठं लावणार? म्हणून साध्या पेन्सिल सेलवर चालणारा दिवा आम्ही पसंत केला. पेन्सिल सेल कुठल्याही खेड्यातल्या दुकानात मिळतो. शिवाय वजन बेताचं, चष्म्याच्या काड्यांना पट्टा न अडकणारा, बटण चाचपून कळेल असं, पिशवीत आपोआप लागू नये म्हणून कुलूप, आणि पावसाचे शिंतोडे सोसण्यासाठी आयपीएक्स-४ चा शिक्का. लाल उजेडाचीही सोय होती. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरा उजेड लागला की ती कमाई क्षणात जाते. मंद लाल उजेडात ती बरीचशी टिकते.

यांना स्वतःला जुना कार्बाइडचा दिवा हवा होता! आमच्या लहानपणी जत्रेतल्या मिठाईच्या दुकानांवर तो असायचा. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू निघतो, तो जळतो. त्याचा तो उग्र वास आठवला की मला अजून शेव-चिवडा दिसतो. पूर्वी खाणकामगार आणि गुहांत शिरणारे लोक तो डोक्यावरच्या टोपीला लावत. मऊ, पसरट, पिवळसर उजेड. आम्ही जो शोधत होतो अगदी तोच. पण ज्योत कपाळावर घेऊन तुम्हाला ओघळीत उतरू देणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं.

धाकटीनं आणखी एक छोटी बॅटरी मागून घेतली, जांभळ्या किरणांची, म्हणजे अतिनील. काही जीवाश्म त्या किरणांत चमकतात. मला त्यात फारसा रस नव्हता, पण त्याच किरणांत विंचू हिरवट चमकतात हे कळल्यावर मी ताबडतोब पैसे काढून दिले. ती बॅटरी मात्र चुकूनही डोळ्यांवर धरायची नाही.

राहता राहिला परतीचा प्रश्न. सासूबाईंच्या शंकेला उत्तर म्हणून यांनीच एक गोष्ट सांगितली. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून आलेले धर्मोपदेशक. नागपूरभोवतीच्या खडकांतले शिंपले, किडे, झाडांचे अवशेष त्यांनी मोठ्या कष्टानं गोळा केले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. माणूस शोधण्याच्या भरात जातो पुढे, आणि परतीची वाट तीच असली तरी तशी राहिलेली नसते. सासूबाई म्हणाल्या, “मग नीट उजेड घेऊन जा, आणि एक नको, दोन घ्या.” गुहांत जाणारे लोक तर माणशी तीन दिवे नेतात. आम्हीही तोच नियम केला: एक कपाळावर, एक खिशात, एक पिशवीत, आणि सेल वेगळे.

पोंगल झाल्यावर रात्रभराच्या गाडीनं तिरुचिरापल्लीला गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे कराईच्या कडेला मोटार थांबली तेव्हा आकाशात चांदण्या होत्या. यांनी दिवा कपाळाला बांधला, मंद केला आणि चालू लागले. मी मागे. कोपर धरायला हात पुढे येईल म्हणून मी तयारीत होते. तो आला नाही. मान जिकडे वळेल तिकडे उजेड वळत होता. कडेची नजर जे दाखवत नव्हती ते हे मान फिरवून पाहून घेत होते. पावलं लहान, पण स्वतःची.

उजाडायला लागलं तेव्हा भोवती एखाद्या वाळून तडकलेल्या समुद्रासारखी ती लालसर-पिवळी माती दिसली. त्यात जागोजाग जिप्समचे तुकडे काचेसारखे लकाकत होते. हजार ल्युमेनचा दिवा आणला असता तर त्या लकाकीनंच यांचे डोळे दिपले असते. जमिनीवर बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार दगड सापडत होते. ते ‘बेलेम्नाइट’, माकुळासारख्या एका प्राण्याच्या अंगातला कठीण भाग. धाकटीला ते पटापट दिसत होते. यांना नाही. ती “हे बघा बाबा” म्हणायची, हे “हो हो” म्हणायचे, आणि मला कळत होतं की त्यांना दिसलेलं नाही.

एका ओघळीच्या काठाखाली ऊन पोचलं नव्हतं. हे तिथं बसले, दिवा डोक्यावरून काढून हातात घेतला आणि जमिनीलगत धरून हळूहळू फिरवू लागले. धाकटी समोर वाकून पाहत होती. “अजून खाली, बाबा. थोडं डावीकडे. थांबा!” माकडमेवा विकणाऱ्याच्या टोपलीतल्या करवंदाएवढी जागा, पण तिथं चार-पाच वाकड्या रेघा सावली धरून उभ्या राहिल्या. अमोनाइटचा तुकडा. हे दिवा तसाच धरून वाकले, पण त्यांना रेघा लागेनात. तेव्हा धाकटीनं त्यांचं बोट धरलं आणि त्या वळ्यांवरून फिरवलं. एकदा, दोनदा. मग ते म्हणाले, “आता दिसलं.” बोटाला लागल्यावर दिसलं की दिसल्यावर बोटाला लागलं, ते मी विचारलं नाही.

तो तुकडा आम्ही आणला नाही. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो घेतला, जागा वहीत लिहिली आणि तो तिथंच ठेवला. जीवाश्म कुठल्या थरात होता हे कळलं तरच त्याचा अर्थ लागतो. घरच्या कपाटात तो नुसता दगड होतो, हे धाकटीचं म्हणणं यांनीच तिला लहानपणी शिकवलेलं. दुपारी सात्तनूरला जाऊन दगड झालेलं अठरा मीटर लांबीचं झाड पाहिलं. ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. तिथं कुणालाही बॅटरी लागत नाही. हे कठड्याशी बराच वेळ उभे होते.

संध्याकाळी पुन्हा कराई, आणि काळोख पडल्यावर परत मोटारीपर्यंतची वाट. या वेळी हे पुढे होते. मध्येच थांबून मागे वळून म्हणाले, “इथं पाय जपून टाक, खळगा आहे.” दीड वर्षानंतर त्यांनी मला वाट दाखवली.

घरी आल्यावर सासूबाईंना फोटो दाखवले. त्यांनी अमोनाइटच्या वळ्या पाहिल्या आणि विचारलं, “शाळिग्रामाच्या कुळातलाच ना? मग नमस्कार केलास की नाही?” हे म्हणाले, “हात लावला.” सासूबाई म्हणाल्या, “तेही चालतं.”

नजर वाढलेली नाही; ती वाढणारही नाही. थेंब रोज रात्री ठरल्या वेळी घालतो. काचबिंदू घराण्यात चालतो, म्हणून थोरल्याचे आणि धाकटीचेही डोळे तपासून घेतले. सध्या ठीक आहेत, पण दर वर्षी दाखवायचे आहेत. तुमच्यापैकी ज्यांची चाळिशी उलटली आहे त्यांनी चष्म्याचा नंबर काढताना डोळ्यांचा दाब आणि आतली मज्जाही तपासायला सांगावी, एवढी माझी विनंती.

दिवा आता स्वयंपाकघराच्या खुंटीला असतो. वीज गेली की तो पहिला हाताला लागतो. सासूबाई संध्याकाळी तांदूळ निवडायला बसल्या की यांना हाक मारतात आणि ताटाच्या कडेला बसवून घेतात. तिरप्या उजेडात खडा चटकन सापडतो म्हणतात. हे दिवा धरतात, त्या निवडतात, आणि पुढच्या थंडीत गोकाकला कधी जायचं याची बोलणी तिथंच चालतात.